लागणे आणि लावणे

जून महिन्याचा पहिला आठवडा सरत आला आणि भूमच्या किंवा कळंबच्या आठवडी बाजारात एक गृहस्थ दुसऱ्या गृहस्थास भेटला, की त्यांच्या बोलण्यात एकच क्रियापद निरनिराळी सोंगे घेऊन पुन्हा पुन्हा येऊ लागते. "मिरग लागला, पर पाऊस काय लागंना," असे पहिला म्हणतो. त्यावर दुसरा, बियाण्याला यंदा किती पैसे लागले, थोरल्याला चाकणला नोकरी कशी लागली, धाकटीचे लग्न माघात कसे लागले, आणि म्हातारीला चढावर दम लागतो म्हणून तिला सोलापूरला किती वेळा न्यावे लागते, ही सारी कैफियत एका दमात सांगून टाकतो. आणि अखेरीस "गाडी लागली वाटतं" असे म्हणून एस. टी. स्टँडच्या दिशेने चालू लागतो. या संभाषणाचा तर्जुमा करावयास बसलेल्या परकीयाला प्रत्येक वाक्यागणिक नवे क्रियापद खर्ची घालावे लागेल. बोलणाऱ्या दोघांना मात्र आपण एकच शब्द इतक्यांदा वापरला याची वार्ताही नसते.

इंग्रजी शिकविण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास अशा वेळी त्या भाषेतील काही क्रियापदांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या शब्दाची होती, आणि तीत त्या क्रियापदाचे चारशेंहून अधिक अर्थ नोंदलेले होते. पुढे कोशाच्या पुनर्रचनेत 'रन' या क्रियापदाने सहाशेंचा टप्पा ओलांडून त्याला मागे टाकले. परंतु आपल्या 'लागणे'चा खरा जोडीदार या दोहोंपैकी कोणी नसून 'गेट' हा आहे. नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीत उतरलेला हा शब्द मूळचा मिळविण्याचा, हस्तगत करण्याचा; पण आज इंग्रजाला नोकरी लागो, सर्दी होवो, एखाद्या गोष्टीची सवय लागो, की मनाविरुद्ध कोठे जावे लागो, तो या सर्व प्रसंगी 'गेट'लाच हाक मारतो. वर्गातील मुलांना 'लागणे'ची वाक्ये भाषांतराला दिली, तर त्यांतील बरीचशी या एका शब्दावर पार पडतात.

साम्य इतके असले तरी एक भेद राहतो, आणि तो मुलांच्या ध्यानात आणून देताना मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. इंग्रजी वाक्यात मनुष्य अग्रभागी उभा असतो आणि जे काही होईल ते तो स्वतः मिळवितो; त्याची सर्दीदेखील त्याची कमाई असते. मराठी वाक्यात तोच मनुष्य 'ला' हा प्रत्यय अंगावर घेऊन जरा बाजूस सरकतो, आणि भूक, थंडी, नोकरी, सवय, वेड ही मंडळी आपापल्या पायांनी चालत त्याच्याकडे येतात. एवढ्यावरून इंग्रज तेवढा पुरुषार्थी आणि आपण तेवढे दैववादी असा सिद्धान्त मांडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. ज्याला भूक लागते तो आमचा शेतकरी आकाशाकडे पाहत बसत नाही, तो उठून भाकरीचे गाठोडे सोडतो. उलट पाऊस पडतो एवढीच साधी वार्ता सांगताना इंग्रजाला 'इट' नावाचा एक पोकळ कर्ता उभा करावा लागतो, म्हणून त्याला कोणी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा म्हणत नाही. व्याकरण हे माणसाचे नशीब नव्हे. मात्र कर्त्याला आड ठेवण्याची जी सोय एखादे क्रियापद देते, तिचा उपयोग कोण, कोठे आणि कशासाठी करतो, हे पाहण्यासारखे असते.

'लागणे'चे मूळ संस्कृतातील 'लग्' या धातूत आहे, आणि त्याचा अर्थ चिकटणे, जोडले जाणे इतकाच आहे. त्याच धातूचे 'लग्न' हे भूतकालवाचक रूप. म्हणजे लग्न लागले असे म्हणताना आपण एकाच धातूला दोनदा राबवितो. शेताला लागून असलेले शेत ते लगतचे, रोपे जमिनीत लावणे ती लागवड, रोग एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणे ती लागण. आणि जमिनीच्या उत्पन्नावर सरकारचा जो हिस्सा बसतो त्याला हिंदी-उर्दूत म्हणतात तो लगानही याच कुळातला. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशात आणि त्याच्या 1857 च्या सुधारलेल्या आवृत्तीत, तसेच दाते-कर्वे यांच्या 1932 ते 1938 या काळात निघालेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त या क्रियापदाच्या अर्थांची लांबच लांब रांग लागली आहे. ती रांग वाचताना असे वाटू लागते की हे अर्थ क्रियापदाचे नसून त्याच्या शेजाऱ्यांचे आहेत. स्वतः 'लागणे' दोन वस्तूंमधील केवळ सांधा आहे. भूक शेजारी आली तर तो पीडा होतो, सूर शेजारी आला तर सिद्धी होतो, आणि बुडाशी दूध आले तर करपणे होतो. तुळजापूरच्या घाटात तर 'गाडी लागली' या दोन शब्दांनी पोटातील उलथापालथ सांगितली जाते, आणि घाट उतरून सोलापूरच्या स्टँडवर पोचताच त्याच दोन शब्दांनी पुढची गाडी फलाटावर उभी असल्याची आनंदवार्ता कळते.

शेतीच्या व्यवहारात या क्रियापदाचा कर्त्याविषयीचा अबोला मला सर्वथा न्याय्य वाटतो. मृग लागतो, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. त्याचे श्रेय वा दोष कोणाला द्यावा? बालाघाटाच्या या माथ्यावर विहीर खणताना पाणाड्या जागा दाखवितो, मजूर सुरुंग घेतात, मालक कर्ज काढतो. तरीही खडक फुटून ओल दिसली की सगळे "पाणी लागलं" असेच म्हणतात, आणि आपल्यापैकी कोणी ते 'लावले' असे म्हणत नाही. 'पाणी लावणे' हा प्रयोग आमच्याकडे आहे, पण तो उभ्या पिकाला पाटाने पाणी देण्याचा. म्हणजे जे आपल्या हातचे, त्या ओलितासाठी 'लावणे', आणि जे आपल्या हातचे नाही, त्या भूगर्भातील झऱ्यासाठी 'लागणे', असा काटेकोर विवेक अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाळला आहे. ज्या मुलखात खणलेल्या विहिरींपैकी कित्येक कोरड्या राहतात, तेथे ही केवळ नम्रता नव्हे; ती वस्तुस्थिती आहे.

येथे 'लागणे'चे सख्खे भावंड पुढे आले. 'लावणे' हे त्याचे प्रयोजक रूप. दिवा लागतो आणि दिवा लावतात. झाड लागते आणि झाड लावतात. आग लागते आणि आग लावतात. ही जोडी हाती आली की मराठी भाषेने आपल्याला एक उत्तम कसोटी फुकट देऊन ठेवली आहे असे ध्यानात येते. कोणतेही 'लागले'चे वाक्य घ्यावे आणि त्यात 'लावले' बसते का ते पाहावे. भूक लावता येत नाही, मृग लावता येत नाही, ठेच लावता येत नाही, सुतक लावता येत नाही. अशी वाक्ये प्रयोजकाला साफ नकार देतात. परंतु सवय लागते तशी लावताही येते, वेड लागते तसे लावताही येते, आणि एखाद्या कामाची वाट लागली असे आपण हळहळून म्हणतो तेव्हा ती लावणारा मनुष्य बहुधा त्याच गावात सुखाने हिंडत असतो.

ही कसोटी घेऊन आमच्या धाराशिव जिल्ह्यातील सर्वांत विख्यात कथेकडे पाहिले, की तिचे दुःख अधिक गहिरे होते. तेरणेच्या काठी वसलेले तेर हे गाव म्हणजे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचा उल्लेख आहे ते प्राचीन तगर. परंतु वारकऱ्यांना ते ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या या ज्येष्ठ समकालीनाला चिखल तुडविताना विठ्ठलनामाची तंद्री लागली आणि पायांखाली आलेले स्वतःचे रांगते मूल तुडविले गेले, ही आख्यायिका महाराष्ट्रात कोणास सांगावयाची गरज नाही. "तंद्री लागली" हे वाक्य कसोटीला लावून पाहावे, तर ते प्रयोजकाला दाद देत नाही. तंद्री कोणी लावली नव्हती. गोरोबांचे पाय मात्र गोरोबांचेच होते. कथेचे मोठेपण मला यात दिसते, की तिच्यातील गोरोबा त्या 'लागली'च्या आड लपत नाहीत. पुढे एका शपथेपायी स्वतःचे हात तोडून घेण्यापर्यंत जी कथा जाते, ती केलेल्या आणि न केलेल्या सर्व कृत्यांचा भार अंगावर घेणाऱ्या मनुष्याची कथा आहे. हात परत आले, मूल परत आले, हा भक्तिमार्गाचा प्रसाद. त्याच्या आधीची जबाबदारी ही त्या कुंभाराची स्वतःची. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे ते सांगण्याचा अधिकार परंपरेने त्यांनाच द्यावा, याची संगती मी तरी अशीच लावतो.

शिवारातून आणि देवळातून निघून कचेरीत आले, की याच क्रियापदाचा रंग पालटतो. आमचा जिल्हा सुमारे दोन शतके हैदराबादच्या अंमलाखाली होता. 1904 पर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गला होते, ते तेथून धाराशिवला आले, आणि पुढे या शहराला सातव्या निजामाचे, मीर उस्मान अली खान यांचे नाव लागले. अव्वल तालुकदारापासून पटवाऱ्यापर्यंत जी उतरंड होती तिचे दप्तर उर्दूत चाले, आणि उर्दूतही 'लगना' आणि 'लगाना' ही जोडी असल्यामुळे 1948 च्या सप्टेंबरात राज्य पालटले आणि दप्तराची भाषा पालटली, तरी कचेरीच्या वाक्याचा घाट बदलण्याचे कारण पडले नाही. हुकूम लागू होतो, कलम लागते, दंड लागतो, मिसल सापडावयास वेळ लागतो. सातबाऱ्यावर नाव लागते; आणि ज्याचे लागावयाचे त्याचे लागले नाही, तर "तुमचं नाव लागलेलं दिसत नाही" असे नाव हे जणू पावसासारखे आपखुशीने येते वा येत नाही अशा सुरात सांगितले जाते. 1950 च्या हैदराबाद कुळकायद्यानंतर कोणाच्या जमिनीला कूळ लागले आणि कोणाचे कूळ लागता लागता राहिले, याच्या हकिकती आमच्याकडे अजून वृद्धांच्या तोंडी आहेत. येथे कसोटी लावावी, तर प्रत्येक वाक्य प्रयोजकाला तत्काळ मान तुकविते. दंड कोणीतरी लावतो. नाव कोणीतरी लावतो. आणि 'वेळ लागतो' या निरुपद्रवी वाक्याच्या पाठीमागे 'वेळ लावतो' हे दुसरे वाक्य गुपचूप उभे असते. नावाचेच पाहावयाचे तर शहराचे व जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये पुन्हा धाराशिव झाले. दोन्ही नावे कोणी आणि का लावली हे जगजाहीर आहे, ती काही आपोआप लागली नाहीत. गरीब खातेदाराच्या नावाबाबत मात्र एवढी स्पष्टता क्वचित लाभते.

शेतकऱ्याचे 'लागले' आणि कचेरीचे 'लागले' यांत व्याकरणाचा तिळमात्र भेद नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याला पहिल्याचा आडोसा मिळतो. निसर्गाविषयी बोलताना जी भाषा खरी असते तीच माणसांच्या कृत्यांना चढविली, की कृत्ये निसर्गासारखी दिसू लागतात. आणि दुष्काळाशी भांडता येत नाही हे पिढ्यान्पिढ्या शिकलेला मनुष्य मिसलीशीही भांडत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्याकडील सास्तूर यांच्या परिसरात जो भूकंप झाला, त्याची हकिकत सांगताना लोक 'धक्का लागला' असे म्हणत नाहीत, 'धक्का बसला' म्हणतात. तुळजापुरात नवरात्राच्या गर्दीत खांद्याला खांदा लागतो तो धक्का 'लागतो'. जो सबंध देहावर आणि घरावर येऊन आदळतो तो 'बसतो'. इतका सूक्ष्म भेद जपणाऱ्या लोकांना जमीन हलण्यास कोणी जबाबदार नाही हे पुरते कळत होते. परंतु हजारो माणसे जमीन हलल्याने मेली नाहीत. ती दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर पिढ्यान्पिढ्या चढत गेलेल्या मातीचे वजनी माळवद अंगावर येऊन मेली. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर बांधताना कोणाचा हेतू वाईट नव्हता, तरी ते मनुष्याच्या हातचे होते, आणि ते कसे बांधले म्हणजे तग धरील याचे ज्ञान जगात होते. ते खेड्यापर्यंत पोचविले गेले नव्हते. नंतर पुनर्वसनाच्या याद्या झाल्या, आणि यादीत कोणाचे नाव लागले, कोणाचे लागले नाही, हे शब्द पुन्हा ऐकू आले. पहिली आपत्ती 'लावणारा' कोणी नव्हता. यादी मात्र लिहिणाऱ्या हाताशिवाय होत नाही.

या सर्व प्रयोगांत अधिकांत अधिक गूढ असा जो प्रयोग, त्याकडे मी मुद्दाम शेवटी येतो. 'मला जावे लागते' या वाक्यात क्रियापद कोणाशीच जुळत नाही. जाणारा पुरुष असो, स्त्री असो, एक असो की सारे गाव असो, ते आपले नपुंसकलिंगी एकवचनात अलिप्तपणे उभे राहते. दसरा-दिवाळीच्या सुमारास भूम, वाशी, कळंब या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. घरी म्हातारी माणसे आणि शाळेचा दाखला असलेली एखाद-दुसरी पोर मागे राहते, किंवा तीही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते, आणि मग हजेरीपटावर तिच्या नावापुढे महिनोन्महिने रिकामे रकाने राहतात. कारण विचारले तर एकच उत्तर येते, "जावं लागतंय, गुरुजी." या उत्तराची मला पूर्वी केवळ करुणा वाटे. आता वाटते, की शिक्षकाने तेथे थांबू नये. 'जावे लागले' याचे प्रयोजक मराठीत आहे, आणि ते 'जायला लावले' हे आहे. कोणी लावले? काही अंश आकाशाचा आहे, तो वजा जाता उरतो तो हिशेब आहे: उचलीचा, तिच्या फेडीचा, न आलेल्या पाटाचा, न मिळालेल्या भावाचा. त्या हिशेबातील प्रत्येक रकमेपाठीमागे एक सही असते, आणि सही हे नपुंसकलिंगी एकवचन नव्हे.

एवढे लिहून थांबलो तर ही कसोटी केवळ दोषी शोधण्याची चौकशी ठरेल, आणि तसे होऊ देणे न्यायाचे होणार नाही. कारण 'लागणे' ज्याप्रमाणे अपराध्याला झाकते त्याचप्रमाणे उपकारकर्त्यालाही झाकते. पोराला नोकरी लागली, असे आपण पेढे वाटताना सांगतो. त्याला अभ्यासाची गोडी लागली होती, असेही सांगतो. पण ती गोडी कोणीतरी लावली होती, शाळेला कोणीतरी लावले होते, आणि फी भरताना स्वतःच्या लुगड्याला ठिगळ कोणीतरी लावले होते. 1972 च्या दुष्काळात आमच्याकडील कितीतरी घरे खडी फोडण्याच्या कामावर लागून जगली; ती कामे काढावी म्हणून कोणी मोर्चे काढले, कोणी कागद हलविले, म्हणून ती निघाली. आंब्याला मोहोर लागलेला दिसतो. झाड लावणाराचे नाव तीन पिढ्यांत पुसले जाते. लळा लागला असे म्हणताना तो लावणारी आजी त्या वाक्यात कोठेच नसते.

काही 'लागणे' असे आहे की त्याला कर्ता शोधूच नये. परक्या गावी ओसरीवर बसलेल्या पाहुण्याला "तुम्ही आमच्या अण्णांचे कोण लागता?" असे विचारतात, तेव्हा विचारणाराला कोणाची कृती जाणून घ्यावयाची नसते, नाते हे केलेले नसते, ते असते. तहान, मृग, समाधी, नाते ही त्या क्रियापदाची हक्काची इस्टेट आहे आणि ती त्याच्याकडे निर्वेध राहावी. बाकीच्या ठिकाणी मात्र मी आता शाळेतील मुलांना एक छोटा व्यायाम घालतो: आज घरी, बाजारात, चावडीवर ऐकलेली 'लागले'ची वाक्ये वहीत लिहावी आणि प्रत्येकाखाली 'लावले'चे वाक्य करून पाहावे. जे वाक्य होत नाही त्याच्यापुढे काही लिहू नये. जे होते त्याला कर्ता हवा, म्हणून तेथे नाव लिहावे. आणि नाव लिहून झाल्यावर त्या मनुष्याला जाब विचारावयाचा आहे की त्याचे आभार मानावयाचे आहेत, हे ज्याचे त्याने ठरवावे.